उंबऱ्यातली गोजरी

‘पण आत्ताच तर उलटं सांगितलंत,’ अनुपमा म्हणाली, आणि माझं बोट पोथीवरून उचललं गेलं.

तिचा आवाज चढलेला नव्हता. माझी सून ती, माझ्यासमोर पाटावर बसली होती, ओंजळीत संकल्पाची सुपारी, नववा लागलेलं पोट मांडीवर टेकलेलं, घामाने कुंकू एका बाजूला उतरलेलं. तिला भांडायचं नव्हतं, हे मला आजही शपथेवर सांगता येईल. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती. दिवसभर कानाला यंत्र लावून एका गावचं टोक दुसऱ्या गावच्या टोकाला जोडायचं, हे तिचं काम. दोन टोकं समोर आली आणि ती जोडली जाईनात, तर तिच्या तोंडून आपसूक शब्द निघाला, एवढंच झालं. पण खोलीतल्या बायकांनी श्वास धरला. माझ्या उजव्या हाताला सुगंधा बसली होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. तिने माझ्या बोटाकडे पाहिलं. बोट पानापासून वर होतं, हवेत.

आमच्याकडे बोटाला फार महत्त्व. वाचणारीने ओवीखाली बोट फिरवत जायचं, आणि अध्याय संपेपर्यंत ते अक्षरावरून उचलायचं नाही. उचललं की खंड पडला. मग पहिल्यापासून. लालबागच्या चाळीत हे जमायचं, तिथे गिरणीचा भोंगा सोडला तर मधे काही यायचं नाही. पण आम्ही घाटकोपरला पंतनगरात राहायला आलो, हाउसिंग बोर्डाच्या तिसऱ्या मजल्यावर, आणि पहिल्याच पारायणाला डोक्यावरून विमान गेलं. उतरायला आलेलं विमान, इतकं खाली की ताटातली पळी वाजायची. माझाच आवाज मला ऐकू येईना. मी थांबले, घाबरून सुगंधाकडे पाहिलं. ती मालवणकडची, नेमाधर्माला पक्की, सगळ्या बिल्डिंगला तिचा धाक. तिने थोडा विचार केला आणि निकाल दिला, ‘विमान जायसर थांब. बोट अक्षरावर आसा मा? मग खंड नाय.’ तेव्हापासून तो नेमच झाला. विमान आलं की मी बोट दाबून धरायची, बायका डोळे मिटून बसायच्या, आवाज विरला की त्याच अक्षरापासून पुढे. नव्या सुनांना मी सांगायची, विमान जातंय तोवर पोथी संपलेली नसते आणि थांबलेलीही नसते.

पोथी आमच्या गावच्या कातळबाबांची. गावाबाहेर काळ्या कातळावर त्यांची धुनी होती, तिथे पुढे पत्र्याची शेड झाली. चौदा अध्याय, दिवसाला दोन, सात दिवसांत पुरी. सासूबाईंनी ती मला दिली तेव्हा तिच्या कडा हळदीने आणि बोटांच्या मळाने मऊ झालेल्या होत्या. त्या म्हणाल्या होत्या, ‘दिवसाला दोनच वाच हां. जेवणासारखं असतं. जास्त झालं तर पचत नाही.’ मी मान हलवली होती. सासवा अशा शंभर गोष्टी सांगतात. इतक्या वर्षांत मी कधी दोनाच्या वर गेले नाही. या वेळी गेले, कारण वेळ नव्हता. अनुपमाचं पहिलं सातव्या महिन्यातच गेलं होतं. या खेपेला पाय सुजले, ब्लडप्रेशर चढलं आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की सोमवारी दाखल करून घेऊ, वाट बघायची नाही. सात दिवस कुठून आणायचे? सुगंधानेच सुचवलं, तीन दिवसांत बसव. रोज चार-पाच अध्याय. अडल्यानडल्याला चालतं.

आणि त्यामुळे चौथा आणि पाचवा एका बैठकीत आले. लग्न होऊन आल्यापासून मी ती पोथी वाचत होते, आणि ते दोघे पहिल्यांदाच एकमेकांना भेटले. एरवी चौथा दुसऱ्या दिवशी शेवटी यायचा. मग आरती, प्रसाद, बायका घरोघर, स्वयंपाक, गिरणीतून आलेल्या माणसाचं जेवण, भांडी, अंथरुणं. मधे एक अख्खी रात्र. सकाळी आंघोळ करून बसायचं तेव्हा पाचवा नव्या तोंडाने सुरू व्हायचा. चौथ्यात कुंभाराची गोजरी आहे. तिने बाबांच्या नामाला बसायचा नेम केलेला, आणि नेम संपेपर्यंत आसन सोडायचं नाही. पाळण्यातलं मूल रडतं, तिला राहवत नाही, ती अर्ध्यावर उठते, मूल उचलते. आणि तिच्या ओटीत मुलाची राख होते. पुढे ती रडतभाकत धुनीवर जाते आणि बाबा मूल परत देतात, पण ते राखेच्या दोन ओव्यांनंतर. पाचव्यात विसू तेली आहे. तो नामाला बसलेला असताना दारात एक म्हातारा येऊन पाणी मागतो. विसू नेम मोडायला नको म्हणून उठत नाही. म्हातारा निघून जातो आणि विसूची विहीर तळापर्यंत आटते. म्हातारा म्हणजे बाबाच. ते म्हणतात, माझं नाव घेत होतास आणि मलाच पाणी दिलं नाहीस.

एकीला उठली म्हणून शिक्षा, दुसऱ्याला उठला नाही म्हणून. मधली रात्र काढून टाकल्यावर हे एखाद्या लहान पोरालाही दिसलं असतं. मला दिसलं नव्हतं.

‘पोथी ऐकुची असता गो, तपासूची नसता,’ सुगंधा म्हणाली. ‘खंड पडलो. आता उद्या पयल्यापासून.’

‘मी फक्त विचारलं,’ अनुपमा म्हणाली.

‘तेच तर. शाळेत विचारतत, हयसर नाय.’

समोरच्या बिल्डिंगमधली शकु हसली. शकुला कुठेही हसू यायचं, मयताला गेली तरी. ती म्हणाली, ‘अगं त्यात काय विचारायचंय? गोजरी बाई, विसू पुरुष. बाईने उठायचं नाही आणि पुरुषाने उठायचं. आमच्याकडे उलटं आहे म्हणून तर सगळी वाट लागलीय.’ दोघीतिघी हसल्या, आणि खोली जरा सैल झाली. पण माझं बोट अजून वरच होतं. ते कुठे ठेवावं मला कळेना. शेवटी मी ते पदरात लपवल्यासारखं धरलं.

त्या संध्याकाळी वारा फिरला आणि देवनारचा धूर घरात शिरला. कचरा जळत असला की तो वास आमच्याकडे यायचा, ओल्या चिंध्यांचा, रबराचा. मी खिडक्या लावून घेतल्या आणि तांदूळ निवडत बसले. दाणे दिसत नव्हते. मला दादू गुरव दिसत होता. गावचाच, माझ्या माहेरच्या वाडीतला, आमच्या लहानपणी धुनीवर तोच वाचायचा. घशात खर्ज होता त्याच्या. एका वर्षी तो चौथा अध्याय वाचत असताना त्याची बायको धावत आली. गाय विहिरीत पडली होती. त्यांची एकुलती गाय, गाभण. बायको शेडच्या खांबाला धरून उभी राहिली, बोलली नाही, बोलायची रीतच नव्हती, फक्त उभी राहिली, केसांतून पाणी गळत होतं. म्हणजे ती स्वतः विहिरीत उतरून बघून आली असणार. दादूने तिला पाहिलं. मी पुढेच बसले होते, मी त्याला पाहताना पाहिलं. त्याचा आवाज हलला नाही. बोट पुढे सरकत राहिलं. गाय मेली. गावात पुढे कितीतरी वर्षं दादूच्या निष्ठेची गोष्ट सांगायचे. माझे वडील आम्हाला ती जेवताना सांगायचे, घास हातात ठेवून. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दादूने पाचवा वाचला तेव्हाही मी पुढेच बसले होते. विसूने म्हाताऱ्याला पाणी दिलं नाही, ही ओवी त्याने त्याच खर्जात वाचली. त्याची बायको त्या दिवशी आली नव्हती. त्याला रात्री झोप लागली होती का? चौथ्याने त्याला शाबासकी दिली होती आणि पाचवा त्याला हाक मारून विचारत होता, आणि तो दोन्ही एकाच आवाजात वाचत होता. हे मला तांदूळ निवडताना पहिल्यांदा सुचलं. इतक्या वर्षांनी. मी सूप बाजूला ठेवलं.

जयवंत, माझा मुलगा, कामावरून आला. संपात गिरणी सुटल्यापासून तो साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये जायचा. त्याला बिल्डिंगच्या जिन्यातच सगळं कळलं होतं. ‘आई, दोन वेगळ्या माणसांनी लिहिलं असेल गं,’ तो बूट काढत म्हणाला. ‘एकाने चौथा लिहिला, त्याला बायका उठायच्या त्याचा वैताग. दुसऱ्याने पाचवा लिहिला, त्याला कुणी पाणी दिलं नसेल. कोणीतरी दोन्ही एकत्र शिवले. संपलं.’

‘आणि बाबा?’

‘बाबा काय, बाबा बसलेत कातळावर. त्यांना कुठे वाचायचंय.’

त्याचे वडीलही असंच बोलायचे. पारायणाला ते गॅलरीत बिडी ओढत बसायचे आणि प्रसादाला पहिले आत यायचे. पुरुषांना असं सोपं करता येतं. मला येत नाही. दोन माणसांनी लिहिलं असं धरलं, तरी राख होते ती होतेच, आणि विहीर आटते ती आटतेच. मी ते जन्मभर खरं मानून वाचलेलं. संकल्प मी सोडलेला, माझ्या तोंडाने, अनुपमाच्या पोटातल्या जिवाच्या नावाने. आता ते कुणी शिवलं याला काय अर्थ?

कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले तर शांताबाई आपल्या उंबऱ्यावर मेथी निवडत बसलेली. समोरचं दार तिचं. सोलापूरकडची, नवरा बेस्टमध्ये. त्यांच्या घरात भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. आमच्या पारायणाच्या वेळी ती तशीच उंबऱ्यावर बसायची, तिला सगळं ऐकू जायचं. इतक्या वर्षांत तिला आत ये असं आम्ही कुणी म्हटलं नव्हतं, आणि ती स्वतःहून आली नव्हती. दोन्हीकडून ते ठरल्यासारखं होतं.

‘सूनबाईनं चांगलं पकडलं,’ ती म्हणाली.

मी म्हटलं, ‘तुमच्यात बरं, तुमच्यात असलं काही नसतं.’

‘आमच्यात सांगत्यात, ग्रंथात लिवलंय म्हणून मानू नका, थोरानं सांगितलं म्हणून मानू नका, सोता बघा.’ तिने एक काडी मोडली. ‘आता हे बी थोरानंच सांगितलंय. मग मानायचं का न्हाई? मी भीमराजच्या बापाला इचारलं, तर म्हणाले, तू भाजी कर.’ ती हसली नाही. मी हसले, आणि मग डोळ्यांत पाणी आलं म्हणून आत वळले.

अनुपमा पलंगावर पाय भिंतीला लावून पडली होती. मी तिच्या पायांना तेल लावायला बसले. सुजलेल्या घोट्यात बोट रुतत होतं आणि खड्डा भरून यायला वेळ लागत होता. ‘आई, मी मुद्दाम नाही केलं,’ ती म्हणाली. मी म्हटलं, माहीत आहे गं. मग ती वर बघतच म्हणाली, ‘उद्या तुम्ही चौथा वाचत असताना मला काही झालं, तर तुम्ही कुठल्या अध्यायाप्रमाणे वागाल?’

मी तेल लावत राहिले. तिने आवाजात कुठेही धार ठेवली नव्हती. एक्स्चेंजमध्ये ती असंच विचारत असेल, कुठला नंबर हवा. मला म्हणायचं होतं, वेडी आहेस का, मी उठेन. शब्द जिभेवर आला होता. पण तेवढ्यात मनात आलं, आणि उठले आणि राख झाली तर? मग मला म्हणायचं होतं, मी उठणार नाही, तुझ्या बाळासाठीच उठणार नाही. तोही शब्द जिभेवर आला. दोन्ही तिथेच राहिले. शेवटी मी म्हटलं, ‘काही होत नाही. झोप.’ ती माझ्याकडे वळली आणि तिने माझा तेलकट हात धरला. ‘मी विचारायलाच नको होतं,’ ती म्हणाली. ‘तुम्ही निवांत वाचा. मी आत पडून राहीन, मधे बोलणार नाही.’ मला वाटलं, ती माझी समजूत घालते आहे. तिने मला वचन दिलं होतं हे मला दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुन्हा बसलो. बायका कमी होत्या. खंड पडलेल्या पारायणाला यायला माणसं बिचकतात. सुगंधा होती, शकु होती, मागे आणखी दोघीतिघी. सुगंधाने अनुपमाला आतच पडायला सांगितलं, ‘तू हयसर नको, तुका प्रश्न पडतत.’ तिच्या जागी पाटावर नुसती सुपारी ठेवली. मधलं दार मी लोटून घेतलं, बंद नाही केलं. चष्मा पुसला. पहिला, दुसरा, तिसरा अध्याय कसा गेला मला आठवत नाही. डोळे वाचत होते, तोंड म्हणत होतं, आणि कान त्या लोटलेल्या दारापाशी जाऊन बसले होते. आत पंखा फिरत होता, त्याचं एक पातं जाळीला घासायचं. कट, कट, कट. त्याच्या मागे काही आहे का, हे मी ऐकत होते. एकदा पलंग करकरला. एकदा ती चालल्यासारखं वाटलं. मग कपाटाचं दार. मग काहीच नाही. माझा डावा पाय बधिर झाला होता आणि पाठीवरून घामाचा थेंब सावकाश खाली येत होता, तो मला कुठवर आला ते कळत होतं.

चौथा सुरू झाला. गोजरी नामाला बसली. मूल पाळण्यात. सुगंधाने डोळे मिटले. शकुसुद्धा हसत नव्हती. मला वाटत होतं की मी हळू वाचते आहे, पण सुगंधा नंतर म्हणाली की मी धावत सुटले होते. त्या अध्यायातून लवकर पार व्हावं, पाचव्यात जावं, पाचव्यात उठायला परवानगी आहे, असं काहीसं माझ्या डोक्यात चाललं असेल. अध्याय ओलांडला की नियम बदलतो, जसा एखाद्या गावाची शीव ओलांडली की बदलतो. मग ती ओवी आली.

ऐकोनि बाळाचे रुदन । गोजरी उठे टाकून आसन ।
खांद्यास लावोनि तान्हे आपण । उभी राहे उंबऱ्यात ॥

आणि विमान आलं. मी बोट शेवटच्या अक्षरावर दाबून धरलं. पळी वाजू लागली, समईची ज्योत वाकली. बायका डोळे मिटून बसल्या. त्या सगळ्या आवाजाच्या खाली आत काहीतरी पडलं. स्टीलचा पेला. तो पडला, लादीवर फिरला, आणि कशाला तरी अडून थांबला. विमानाच्या आवाजात मी तो ऐकला हे मलाही खरं वाटत नाही, पण ऐकला. मी हाकेची वाट पाहिली. पेला पडला की माणूस काहीतरी बोलतं. अगं बाई म्हणतं, निदान च्च करतं. आतून काही आलं नाही. विमान दूर गेलं, विक्रोळीकडून आलेलं ते सांताक्रूझकडे उतरलं असेल. पंख्याची कट कट परत ऐकू यायला लागली. आणि बाकी सगळं गप्प होतं.

ती शांतता मला ओळखीची वाटली. ती दादूच्या बायकोची होती, खांबाला धरून उभी राहिलेली. बोलायची रीत नव्हती.

सुगंधाने डोळे उघडले. विमान गेलं होतं, मी वाचायला हवं होतं. पुढच्या ओवीत राख. ती मला पाठ होती, तिचे शब्द माझ्या दाताच्या मागे येऊन उभे होते. ‘वाच,’ सुगंधा हळूच म्हणाली. ‘दोन ओये रवले, मगे बाबा सांभाळतत.’ मी बोटाकडे पाहिलं. नखाखालचं मांस पांढरं झालं होतं इतकं मी ते दाबलं होतं. मी त्या बोटाला सांगत होते की पुढे सर. आणि त्याच वेळी सांगत होते की ऊठ. आणि ते हलत नव्हतं. मला वाटतं, मी काहीच ठरवलं नाही. लोक म्हणतात माझा धीर मोठा, कुणी म्हणतात श्रद्धा कमी पडली. दोन्ही नाही. मी डाव्या हाताने डोळ्यावरचा चष्मा काढला आणि बोट होतं त्या अक्षरावर ठेवला, आणि बोट काढून घेतलं. अक्षर उघडं पडू नये एवढंच तेव्हा मनात होतं. मग भिंतीला धरून उठले. बधिर पाय माझा नव्हताच. मागे कुणीतरी ‘अगो’ म्हणालं.

अनुपमा कपाटाच्या मुठीला धरून जमिनीवर बसली होती. लादी ओली झाली होती. तोंडात टॉवेलचा बोळा होता, तिने तो दातांत इतका आवळला होता की मानेच्या शिरा उभ्या होत्या. मला बघून तिने बोळा काढला. ओठ पांढरे.

‘संपला अध्याय?’ तिने विचारलं.

‘संपला,’ मी म्हटलं.

तिने डोळे मिटले आणि मग ती ओरडली. तिची ती साठवून ठेवलेली ओरड तिसऱ्या मजल्यावरून खाली मैदानापर्यंत गेली असेल. पुढचं सगळं भराभर झालं. शांताबाई माझ्या घरात होती, अनुपमाच्या काखेत हात घालून तिला उठवत होती. ती आत कधी आली, पोथीच्या बाजूने गेली की समोरून, कुणी पाहिलं नाही. ‘शकुबाई, खाली पळा, रिक्षा थांबवा,’ ती म्हणाली आणि शकु पळाली, चप्पल न घालता. रिक्षात अनुपमाचं डोकं माझ्या मांडीवर आणि पाय शांताबाईच्या. रस्त्यात एका ठिकाणी खड्ड्यातून गेलो तेव्हा शांताबाईने रिक्षावाल्याला अशी एक शिवी दिली की अनुपमा त्या अवस्थेत हसली.

मुलगी झाली. चिमणीएवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर दोघींचं अवघड होतं. आता आजची रात्र आणि उद्याचा दिवस बघू. मला काचेपाशी नेलं, तेव्हा मला कळलं की माझा चष्मा घरी पोथीवर आहे. मला नुसता एक गुलाबी डाग दिसत होता. तो हलतो आहे की नाही, तेही ठरवता येईना. जयवंत शेजारी उभा राहून सांगत होता, हात हलवला बघ आई, आता तोंड उघडलं. मी हो हो म्हणत होते. रात्रभर मी त्या डागाकडे पाहत बाकावर बसले आणि हिशेब लागेना. पाचव्याप्रमाणे मी बरोबर केलं होतं. चौथ्याप्रमाणे माझ्या ओटीत काय पडायचं ते अजून पडायचं होतं. दादू गुरवालाही एक रात्र मिळाली होती, गाय गेल्यानंतर आणि विसू यायच्या आधी. तो त्या रात्री कुठे बसला असेल?

माझी नात मीरा आता शाळेत जाते. तिला ताप आला की मी अजून ओटीकडे बघते, माझ्याच. अनुपमा थर्मामीटर झटकत म्हणते, आई, साधा ताप आहे. ती मला कधी काही विचारत नाही. अध्याय संपला होता की नव्हता, हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे तिलाही असणारच. पण तिने ती दोन टोकं जोडलेली नाहीत. तेवढं एक तिने माझ्यासाठी तसंच ठेवलंय. दर वर्षी पारायण होतं, आता सात दिवसांचंच, आणि शांताबाई तिच्या उंबऱ्यावर न बसता आमच्या दाराच्या आत बसते आणि मेथी आणते बरोबर. चौथ्यात मी त्या ओवीपर्यंत येते आणि थांबते.

कारण दवाखान्यातल्या त्या रात्रीनंतर सकाळी मी आंघोळीला आणि चष्म्याला म्हणून घरी आले. दार नुसतं लोटलेलं. आत समई तेवत होती, तेल नुकतंच घातलेलं. सुगंधा एकटी पोथीसमोर बसली होती, कालच्याच लुगड्यात, डोळे तांबारलेले. पोथी तशीच उघडी, त्यावर माझा चष्मा, काड्या पसरून, मेलेल्या किड्यासारखा. तिने कुणाला हात लावू दिला नव्हता.

‘चेडू कसा आसा?’ तिने विचारलं.

‘काचेत आहे.’

तिने मान हलवली. मग पोथीकडे बोट केलं. ‘बस. आंघोळ मगे. हयसरसून पुरो कर. राखेचे दोन ओये, मगे गोजरी धुनयेर जाता, बाबा पोर परत दितत. धावत वाच, पण वाच. असां अर्ध्यार ठेवू नये गो, रत्नावैनी. बरा नसता.’ तिच्या आवाजात धाक नव्हता. ती भ्याली होती. माझ्या नातीसाठी ती रात्रभर भीत बसली होती, हे मला तेव्हा कळलं, आणि मला तिच्याजवळ बसावंसं वाटलं.

मी बसले. चष्मा उचलायला हात पुढे केला. तो उचलल्याशिवाय मला पोरीचं तोंड दिसणार नव्हतं, आणि उचलला की अक्षर उघडं पडणार होतं. काचेखाली ओवी मोठी दिसत होती. गोजरी मूल खांद्याला लावून उंबऱ्यात उभी होती. मूल तिच्या खांद्यावर गरम होतं, नुकतंच रडायचं थांबलेलं. तिला अजून काही झालेलं नव्हतं. पुढे काय होतं ते मला अक्षरन्‌अक्षर पाठ होतं, आणि परत मिळतं तेही पाठ होतं. पण परत मिळण्याच्या आधी दोन ओव्या तिची ओटी राखेची असते, आणि त्या दोन ओव्या मला तिच्या अंगावरून न्यायच्या नव्हत्या. मी वाचल्याशिवाय त्या तिच्यापर्यंत पोचणार नव्हत्या.

‘वाच मा,’ सुगंधा म्हणाली.

‘विमान जातंय,’ मी म्हटलं.

सुगंधाने छताकडे पाहिलं. पंखा बंद होता. खाली कुठेतरी नळाखाली बादली भरत होती, शाळेत जाणारी पोरं ओरडत होती. बाकी आभाळ अगदी शांत होतं. ती बराच वेळ वर बघत राहिली, डोकं तिरकं करून, जणू खरंच कान देऊन. मी तिच्याकडे पाहायचं टाळलं. ती आता काय म्हणेल त्यावर काचेतल्या त्या डागाचा श्वास अडलाय असं मला वाटत होतं.

‘जावंदे,’ ती शेवटी म्हणाली. ‘मोठा विमान दिसता.’

मग तिने पदराला हात पुसला, पुढे सरकली आणि माझ्या चष्म्याची काडी हळूच बाजूला करून आपलं बोट त्या अक्षरावर ठेवलं.

‘तू चष्मो घे आणि जा, पोर बघ,’ ती म्हणाली. ‘बोट मी धरतंय.’